आरशावरची रेघ

मुंबईच्या टाकसाळीने 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त पाडलेलं दहा रुपयांचं प्रूफ नाणं हाती आलं, तर पृष्ठभागाला बोट न लावता, कडेवर तोलून धरून ते एकाच दिव्याखाली सावकाश कलतं करावं. पंधरा ग्रॅमची ती चकती, ऐंशी टक्के चांदीची. खास चमकवलेल्या चकतीवर तितक्याच चकचकीत ठशांचा एकाहून अधिक वेळा दाब पडतो, तेव्हा मुद्रेभोवतालची मोकळी जागा आरसा होते. विशिष्ट कोनात ती काळीभोर, अथांग दिसते. आणि नेमक्या त्याच कोनात, गांधीजींच्या चेहऱ्यासमोर, केसाहून बारीक अशी एक रेघ लखकन चमकून जाते.

ही रेघ बहुधा मायेपोटीच उमटलेली असते. कुणीतरी जपून, मऊ फडक्याने नाणं पुसलेलं असतं. श्रेणी ठरवणारी नजर त्या मायेला सूट देत नाही. नाण्यांच्या सत्तर गुणांच्या मापात प्रूफ नाण्याची प्रतिष्ठा 60 पासून पुढे. 70 मिळवायचे, तर पाचपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखालीही टाकसाळीबाहेर लागलेला एकही डाग दिसता कामा नये. पण पाहा, सगळ्या रेघा सारख्या मोजल्या जात नाहीत. अक्षरांच्या आडोशाला दडलेली रेघ थोडक्यात निभावते. तीच मुद्रेसमोरच्या निरभ्र आरशात आली, की गुण घसरतात, कारण आपली दृष्टी प्रथम तिथेच विसावते.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं पाहिलेल्या डोळ्यांना हा कठोरपणा विशेष जाणवतो. शेणाने सारवलेल्या भिंतीचा खडबडीतपणा तांदळाच्या पिठाच्या शुभ्र रेषेला जवळ घेतो, बारीकसा तडाही चित्रात सामावून जातो. प्रुफाच्या आरशाला असं काही पोटात घालता येत नाही. त्याचं सारं सौंदर्य रितेपणात आहे.

खरा आनंद मात्र यापुढचा. भिंग जरा जवळ आणलं, की काही रेघा खोलगट नसून उठावदार असल्याचं कळतं. त्या ठसा घासताना ठशावर पडल्या आणि नाण्यावर उलट्या होऊन उमटल्या. त्या जन्मखुणा, म्हणून त्यांच्याकडे मवाळपणे पाहिलं जातं. क्वचित एखादी खोलगट, वळणदार, नागमोडी रेघ दिसते. ती फडक्याची नव्हे. ठसा पुसताना त्यावर राहिलेला कापसाचा तंतू दाबाखाली चांदीत रुतला, आणि आपलं नाजूक वळण तिथे ठेवून गेला. असं नाणं सत्तरापर्यंत पोचेलच असं नाही. पण टाकसाळीतल्या त्या हातांची एवढी निकटची खूण निष्कलंक नाण्यावर कुठून मिळायची? मला तर 66 चं असं नाणं अधिक वेळ पाहावंसं वाटतं.