टेरी, जॉर्ज विल्किन्स

इंग्रज कलाशिक्षक व ‘बाँबे पॉटरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झिलईदार मृत्पात्रीचा प्रवर्तक. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तीत आरंभीच्या काळात टेरी रेखनकला शिकवीत असे; पुढे तो तिचा अधीक्षक झाला. ग्रीक पुतळ्यांचे साचे समोर ठेवून त्यांवरून रेखन करावयाचे, अशा शिस्तीच्या या शाळेत कुंभाराच्या चाकाला व भट्टीला जागा मिळवून देणे, हे त्याचे खरे वेगळेपण होय.

१८७० नंतरच्या दशकात त्याने शाळेत मृत्पात्रीविभाग उभारला. त्या वेळी मुंबई इलाख्यात समाविष्ट असलेल्या सिंधमध्ये झिलईदार भांडी व फरशा घडविण्याची जुनी परंपरा होती. तिचेच तंत्र त्याने मुंबईत आणले. भाजणीच्या मातीचा घट, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, लेपावर वेलबुट्टी आणि सर्वांवर पारदर्शक झिलई, अशी ही प्रक्रिया आहे. मोरपंखी, गडद निळा, हिरवा, पिवळा व तपकिरी हे रंग तीत प्रामुख्याने आढळतात. याच काळात (१८७२–८५) ग्रिफिथ्सच्या मार्गदर्शनाखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. तेथील आकृती व आकृतिबंध घटांवरही उतरले.

या संकराचे मूल्यमापन सरसकट करता येत नाही. भिंतीच्या सपाट पृष्ठासाठी योजिलेली मानवाकृती घटाच्या फुगीर पोटावर ताणली जाते आणि तिच्यातील लय हरवते. अशा भांड्यांत चित्र एकीकडे व पात्र दुसरीकडे राहते. अजिंठ्याच्या छतांवरील फुलापानांचे व पशुपक्ष्यांचे अलंकरण मात्र घटाच्या वळणाशी सहज जुळते. सिंधी वेलबुट्टीची साधी भांडी तर या दोहोंपेक्षा सरस म्हणावी लागतील, कारण त्यांत कारागिराचा हात आपल्या सवयीने चालला आहे. त्या कारागिरांची नावे बहुधा नोंदलेली नाहीत. भांड्यांच्या बुडाशी नाव असते, ते शाळेचे किंवा टेरीने स्वतंत्रपणे चालविलेल्या ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या कारखान्याचे. ‘टेरीची भांडी’ हा शब्दप्रयोग म्हणूनच जपून वापरावयास हवा. योजना व निवड त्याची, घडण इतरांची.

ही कला महाराष्ट्रातील कुंभारवाड्यांत रुजली नाही. झिलई वितळविण्यास लागणारे नियंत्रित तापमान कुंभाराच्या उघड्या आव्यात राखता येत नाही. शिवाय बारामती-इंदापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात रांजणाची किंमत त्याच्या सच्छिद्रतेत असते: पाझरणारे पाणी बाष्परूपाने उडून जाते म्हणूनच आतील पाणी गार राहते. झिलई दिल्यास हा गुणच नाहीसा होतो. टेरीचा घट पाण्यासाठी नव्हता. तो प्रदर्शनासाठी व दिवाणखान्यासाठी होता, आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः युरोपीय होते.

अजिंठ्याच्या लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये साउथ केन्झिंग्टन येथील आगीत जळाल्या. मुंबईच्या या भांड्यांचे नमुने मात्र त्याच संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयममध्ये, जतन केलेले आहेत.