चर्चमध्ये गेलात तर आधी तारखा विचारा

फ्लॉरेन्समधलं सांता मारिया नोवेल्ला हे चर्च प्रवासाच्या पुस्तकांत बहुतेक वेळा ‘प्रबोधनकाळातलं चर्च’ म्हणून भेटतं. कलेतिहासात संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर या विशेषणापासूनच सुरुवात करू. ते कुठल्या भागाला लागू पडतं?

डॉमिनिकन साधूंनी या इमारतीची पायाभरणी १२७९ मध्ये केली. आतल्या टोकदार कमानी गॉथिक आहेत. दर्शनी भिंतीचा खालचा बराचसा भाग चौदाव्या शतकातला. त्यावर वरचा भाग रचून सगळ्याचा मेळ घातला तो आल्बेर्तीने. खर्च करणाऱ्या जोव्हान्नी रुचेल्लाईचं नाव आणि १४७० हे साल भिंतीवर ठळक अक्षरांत आहे. मधल्या दालनात टांगलेला जॉत्तोचा भलामोठा क्रूस सातशे वर्षांचा, पण त्याची सध्याची जागा २००१ पासूनची. आणि आत शिरल्या शिरल्या दारापासून वेदीपर्यंत नजर थेट जाते, ते मोकळं दृश्य तर १५६५ नंतरचं.

या शेवटच्या तारखेपाशी जरा थांबा. त्याआधी मधल्या दालनात एक आडवं बांधकाम होतं. सामान्य भाविकांचा भाग अलीकडे, साधूंचा पलीकडे. ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ मध्ये संपली, आणि वेदी सगळ्यांना दिसली पाहिजे असा आग्रह वाढला. ड्यूक कोसिमो याच्या आज्ञेवरून जॉर्जो वसारीने ते बांधकाम पाडलं आणि बाजूच्या भिंतींना एकसारख्या नव्या वेद्या लावल्या. आपल्याकडे याला जीर्णोद्धार म्हणतील. जीर्णोद्धारात काय मिळालं ते दिसतं, काय गेलं ते शोधावं लागतं.

काय गेलं, याचं उत्तर डावीकडच्या भिंतीवर आहे. तिथे मसाच्चोचं ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र आहे, साधारण १४२५ ते १४२७ या काळातलं, उंची सहा मीटरहून जास्त. वर क्रूसावरचा येशू आणि त्याच्यामागे पिता ईश्वर, बाजूला मेरी आणि योहान, कमानीबाहेर गुडघे टेकून बसलेलं दांपत्य आणि सगळ्यांत खाली दगडी थडग्यावर पसरलेला सांगाडा. यथार्थदर्शनाचा नमुना म्हणून हे चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं.

आता गंमत बघा. वसारीने आपल्या कलाकार-चरित्रांच्या ग्रंथात या चित्राची वाखाणणी केली होती. भिंत फोडून आत खोली केल्याचा भास होतो, असं त्याचं मत. पुढे १५७० च्या सुमारास त्यानेच या चित्रासमोर आपली नवी वेदी उभी केली. चित्र त्याने खरवडलं नाही, पण झाकलं. ते पुन्हा उजेडात आलं १८६० च्या सुमारास. तेव्हा वरचा भाग भिंतीवरून सोडवून प्रवेशद्वाराच्या आतल्या बाजूला नेला गेला. सांगाडा मूळ जागीच राहिला, तो सापडला थेट १९५२ मध्ये, आणि त्यानंतर दोन्ही भाग मूळ जागी एकत्र आले.

संशोधक म्हणून तुमचं काम इथे सुरू होतं. १५७० ते १८६० या काळात ज्यांनी या चित्राबद्दल लिहिलं, त्यांना ते दिसतच नव्हतं. १८६० ते १९५२ मध्ये लिहिणाऱ्यांनी अर्धं चित्र पाहिलं, तेही दुसऱ्याच भिंतीवर. या चित्रातल्या रेषा क्रूसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास एकत्र येतात, असं आपण आज म्हणतो. खालचा भाग जागेवर नसताना हे गणित कशावर मांडणार? म्हणून पूर्वाभ्यासाचं प्रकरण लिहिताना नुसतं ‘अमुक म्हणतो’ लिहू नका. त्या अमुकने ते कधी, कुठे आणि किती पाहिलं, हे आधी तपासा.

पाठ्यपुस्तकांवर माझा आक्षेपही इथेच आहे. त्यांत या चित्राचा फोटो बऱ्याचदा सांगाडा कापून छापतात. मग उरतो तो भूमितीचा धडा. पण सांगाड्यावरचा लेख बघणाऱ्यालाच उद्देशून आहे: तुझीही हीच गत होणार. वर मेरी आपल्याकडे बघत येशूकडे हात करते. खालून मरण आणि वरून मुक्ती, या दोन हाकांच्या मध्ये बघणाऱ्याला उभं करण्यासाठीच तर ती भूमिती आहे. सांगाडा कापला की यथार्थदर्शन नुसती हातचलाखी वाटू लागतं.

वसारीला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण तो मोह टाळा. त्याच्या बदलामुळे सामान्य भाविकाला मुख्य वेदी दिसली. त्या काळच्या श्रद्धेच्या दृष्टीने हा लहान लाभ नव्हता. मार्शिया हॉल यांनी १९७० च्या दशकात त्या पाडलेल्या बांधकामाचा आणि वसारीच्या फेरबदलांचा कसून अभ्यास केला. त्याची रीत शिकण्यासारखी आहे: जे आज उभंच नाही, त्याचा विचार केल्याशिवाय जे उभं आहे ते कळत नाही.

तेव्हा तुमच्या आराखड्यात ‘प्रेक्षकाला असं दिसतं’ असं वाक्य आलं, तर त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. कोणता प्रेक्षक? साधू, की अलीकडच्या भागात उभी असलेली बाई, की तिकीट काढून आलेला पर्यटक? कोणत्या साली, कुठल्या दारातून आत आलेला? मार्गदर्शक हे प्रश्न तोंडी परीक्षेत विचारणारच आहेत. त्याआधी ते तुम्हीच स्वतःला विचारलेत, तर निदान एक प्रकरण तरी भक्कम होईल.