गीतरामायणाची तिथी आणि ओवीचा काळ

कोणत्याही कलाकृतीचा वर्धापनदिन साजरा करावयाचा तर तिला प्रथम जन्मतिथी असावी लागते. हे विधान उघड वाटेल. परंतु लोकप्रिय संगीताच्या आणि लोकगीतांच्या इतिहासात त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. ज्या गीताची तिथी एखाद्या संस्थेने नोंदवून ठेवली त्याचा उत्सव होतो. ज्याची नोंद झाली नाही ते कितीही पिढ्यांनी गाइलेले असले तरी उत्सवाच्या कक्षेबाहेर राहते. या दृष्टीने ‘गीतरामायणा’कडे पाहिले असता काही विचार सुचतात, ते येथे मांडीत आहे.

गीतरामायणाच्या तिथीविषयी वाद संभवत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकर यांची शब्दरचना आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका आठवड्यास एक गीत या क्रमाने पुढील रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत, चालली. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या बावन्नावर न थांबता छप्पन्न झाली. रचनेची लांबी पंचांगाने ठरविली, असा हा विरळा योग होय. पुढे २००५ साली या कृतीस पन्नास व २०२५ साली सत्तर वर्षे पूर्ण झाली. कवी व संगीतकार दोघेही १९१९ साली जन्मलेले. त्यामुळे त्यांच्या जन्मशताब्द्याही एकाच वर्षी आल्या.

अशा प्रसंगी आपण नेमके काय स्मरतो, हा खरा प्रश्न आहे. बहुधा एका सायंकाळी निवडक दहापंधरा गीते एक किंवा दोन गायकांकडून सादर होतात, निवेदक कथासूत्र जोडतो आणि प्रेक्षक तृप्त होऊन परततात. या तृप्तीस कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मूळ कृतीचे दोन विशेष या सादरीकरणात लोपतात. पहिला विशेष प्रतीक्षेचा. मूळ श्रोत्याला एका गीतानंतर दुसऱ्यासाठी आठवडाभर थांबावे लागे. कथा ठाऊक असूनही आता कोण बोलणार व कोणत्या सुरात, याची उत्कंठा टिकत असे. दुसरा विशेष अनेक कंठांचा. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा निरनिराळ्या गायकांनी त्यातील व्यक्तींना वाणी दिली होती. पुढे फडके यांनी सर्व गीते एकट्याने गाऊन ती घरोघर पोहोचविली व ध्वनिमुद्रिकांमुळे तोच आवाज प्रमाण ठरला. फडके यांच्या गायनाने कृतीला एकसंधता आली, हे मान्यच केले पाहिजे. तथापि नाट्यात्म गीतमालेचे एका निवेदकाच्या आख्यानात रूपांतर झाले, हेही तितकेच खरे. आणि वर्धापनदिनी स्मरण होते ते मुख्यतः या उत्तररूपाचे.

याहून महत्त्वाचा मुद्दा कृतीच्या घडणीत आहे. पहिल्या गीतात कुश-लव श्रीरामासमोर रामचरित्र गात आहेत. अखेरच्या गीतात वाल्मीकी त्यांना ते गाण्यास पाठवीत आहेत. म्हणजे शेवटचे गीत कालदृष्ट्या पहिल्याच्या आधीचे आहे. मालिका संपते तेथेच तिचा आरंभ होतो. गाण्याला एखादा पहिला दिवस असतो, ही कल्पनाच या वर्तुळाकार रचनेने नाकारली आहे. ज्या कृतीची तिथी आपण इतक्या नेमाने पाळतो, तिचे अंतरंग तिथीला असे निसटते आहे.

येथे जात्यावरच्या ओवीचे स्मरण अपरिहार्य होते. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतही राम-सीतेची कथा आहे. पण तेथे सीतेचा वनवास दळणारणीच्या स्वतःच्या सासुरवासाशी एकरूप झालेला आढळतो. गीतरामायणात सीतेच्या त्यागाचे गीत अखेरीस, उपान्त्य स्थानी येते. ओवीत मात्र तो त्याग रोजच्या पहाटेचा विषय आहे. या ओव्यांना ना पहिले प्रसारण, ना सुवर्णमहोत्सव. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओवीचा प्रसंगच नाहीसा झाला. त्या घटनेचीही कोणी तिथी ठेवली नाही.

वर्धापनदिन पाळू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. तिथी ही संस्थेची स्मृती असते, गाण्याची नव्हे. एवढा विवेक अभ्यासकाने राखावा, इतकेच म्हणणे आहे. २०३० साली गीतरामायणास पंचाहत्तर वर्षे होतील. १९५५ साली दहा वर्षांचा असलेला श्रोता तेव्हा पंच्याऐंशीचा असेल. उत्सवाची सिद्धता पुष्कळजण करतील. परंतु ती गीते घरात कशी ऐकली जात, कोणता आवाज कोणास स्मरतो, त्याच घरात आजी जात्यावर सीतेविषयी काय गात असे, हे त्या श्रोत्यांना विचारण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आजच हाती घेतले पाहिजे. तिथी पुन्हा येत राहील. तिचे साक्षी मात्र फार काळ लाभणार नाहीत.