जेनीचे गाणे

पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे (१९७८) ब्रेश्ट आणि संगीतकार कुर्ट व्हाइल यांचे ‘थ्री पेनी ऑपेरा’ मराठी रसिकांस परके राहिलेले नाही. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा छापील कार्यक्रमपत्रिकेत एका नटीचे नाव राहून गेले. ती व्हाइलची पत्नी लोट्टे लेन्या. नवरा संतापला, ती मात्र रंगमंचावर गेली. (दुसऱ्याच्या सहीसाठी टिपणे लिहिण्यात दिवस घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस या प्रसंगाचे विशेष अगत्य वाटले, तर वाचकांनी क्षमा करावी.)

भूमिका लहानच. जेनी ही वेश्या. पैशासाठी ती आपला जुना प्रियकर मॅकहीथ याला पकडून देते. चाचेगिरीचे ते प्रसिद्ध गाणे मूळ नाटकात तिचे नव्हतेच. चाच्यांचे जहाज येऊन शहराचा संहार करील, असे स्वप्न पाहणाऱ्या गुत्त्यातील मोलकरणीचे ते गाणे नायिका पॉली आपल्या लग्नात गाते. पाब्स्टच्या १९३१ च्या बोलपटात ते लेन्याकडे आले. १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रयोगातही, पंचावन्नाव्या वर्षी, तिनेच ते गायिले, आणि १९५६ मध्ये दुय्यम भूमिकेचे टोनी पारितोषिक तिला मिळाले.

हा बदल नाटकाच्या हिताचा होता काय? आमच्या मते, सर्वस्वी नव्हे. नववधू पाहुण्यांच्या करमणुकीसाठी असले गाणे म्हणते, तेव्हा पात्र आणि गीत यांत एक फट राहते. ब्रेश्टच्या नाट्यदृष्टीला हीच फट हवी. जेनी गाऊ लागली की ते तिचेच गाऱ्हाणे होते, आणि प्रेक्षकाला हळहळण्याची सोय होते.

परंतु दिल्लीत एका रविवारी तो बोलपट पाहताना लेन्याने आम्हांस ती सोय लाभू दिली नाही. ती जवळजवळ निश्चल उभी असते. आवाज बारीक, किंचित खरखरीत. नाट्यसंगीतावर पोसलेला आमचा कान आधी अडखळला. येथे तान नाही, आळवणी नाही, ‘वन्स मोअर’ला जागा नाही. कोणाकोणाला मारावयाचे हे ठरविण्याचा क्षण येतो, तेव्हा स्वर चढण्याऐवजी उतरतो. वाण्याचा हिशेब सांगावा तसे ती ते सांगते. स्वतःचेच दुःख तिने परक्याचे असावे तसे हातभर दूर धरलेले असते.

त्या बोलपटात पॉलीला लग्नात दुसरे गाणे मिळाले आहे. ते गोड आहे. बाहेर पडेपर्यंत आम्ही ते विसरलोही होतो.