मिटल्या ओठांतून निघालेली हाक

मांजराच्या आवाजाला इंग्रजीत 'मिआऊ' म्हणतात. अमेरिकेत त्याचे स्पेलिंग चार अक्षरांचे, ब्रिटनमध्ये बहुधा पाच. पण या शब्दाची गोडी कागदावर कळत नाही, तो सावकाश उच्चारून पाहायला हवा. 'म'ला ओठ मिटतात, 'इ'ला त्यांचे कोपरे ताणतात, 'आ'ला जबडा खाली येतो आणि 'ऊ'ला ओठ गोल होत पुन्हा जवळ येतात. मांजरही तोंड उघडत आवाज काढते आणि मिटत तो संपवते. आवाजाबरोबर तोंडाची हालचालही या शब्दाने अचूक टिपली आहे. एवढ्याशा शब्दात हे साधले, याचे मला फार अप्रूप वाटते.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात हा शब्द अनेक भाषांत ऐकू येतो. मराठी घरात 'म्याव', तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूतही 'म्याव', उर्दू-हिंदीत 'म्याऊँ'. कोंबड्याच्या बाबतीत असे एकमत नाही. आपले 'कुकूचकू' आणि इंग्रजांचे 'कॉक-अ-डूडल-डू' यांत केवढे अंतर! मांजराने मात्र भाषांना फार लांब जाऊ दिले नाही. चिनी भाषेत मांजराचे नावच 'माओ'. आपली 'माऊ' तशीच आवाजावरून आलेली. संस्कृतने तेवढा वेगळा गुण हेरला. 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. त्यावरून 'मार्जार', सतत अंग चाटून स्वच्छ ठेवणारा.

पण 'मिआऊ' हा नुसता आवाज नाही, ती हाक आहे. मोठी मांजरे एकमेकांशी बोलताना म्याव क्वचितच करतात. पिल्लू आईला तशी हाक मारते आणि माणसांत वाढलेले मांजर तीच हाक पुढे जन्मभर माणसाला मारत राहते. म्हणून मला या शब्दाचा शेवट महत्त्वाचा वाटतो. आपल्या 'म्याव'मधला 'व' आवाज चटकन आवरता घेतो. दाराशी येऊन एकदाच हजेरी लावणाऱ्या मांजराला तो शोभतो. भुकेली हाक मात्र लांबते. 'मिआऊ'चा 'ऊ' हवा तितका ताणता येतो, आणि 'म्याऊँ'मध्ये त्याला मांजराच्या आवाजातले नाकातले गुंजनही मिळते. शेजारी मागांचा खडखडाट चालू असताना माणसापर्यंत पोहोचायचे, तर असाच लांबणारा स्वर हवा.

मराठीचा अभिमान बाळगूनही पहिला मान मी भिवंडीच्या गल्लीतल्या 'म्याऊँ'ला देईन. इंग्रजी 'मिआऊ' दुसरा.