कामाची भाषा आणि कारागिराचे आत्मकथन

मराठी वाङ्मयात कष्ट करणाऱ्या माणसाची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु तो माणूस आपले काम नेमके कसे करतो, याचे त्याच्याच तोंडचे वर्णन मात्र विरळाच सापडते. त्याचे दारिद्र्य सांगितले जाते, त्याचा घाम सांगितला जातो, त्याच्यावर झालेला अन्याय सांगितला जातो. पण त्याच्या हातातील ज्ञान बहुधा अव्यक्तच राहते. ही उणीव केवळ तपशिलाची नाही. ज्या समाजात बुद्धी आणि हात यांची वाटणी जन्मावरून झाली, त्या समाजात हातालाही बुद्धी असते हे वाङ्मयाने कोणत्या भाषेत सांगितले, हा प्रश्न समीक्षेने टाळण्याजोगा नाही.

या दृष्टीने पाहता परंपरेचा आरंभ मात्र समृद्ध आहे. सावता माळी आपल्या मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहतो. नरहरी सोनार बागेसरी, मूस आणि सोने यांच्या आधारे देह आणि आत्मा यांचा संबंध सांगतो. सेना न्हावी आपल्या आरशाला आणि चिमट्याला विवेकवैराग्याचा अर्थ देतो. गोरोबांच्या आख्यायिकेत तर संतांची परीक्षाच कुंभाराच्या थापटण्याने होते. कोणते मडके कच्चे हे त्याच्या हाताला आणि कानाला कळते. महाराष्ट्राबाहेरही हीच प्रवृत्ती दिसते. कबीराच्या पदांतील ताणाबाणा विणकराच्या घरातून आला आहे आणि बाराव्या शतकातील कन्नड वचनकारांपैकी अंबिगर चौडय्या, नुलिय चंदय्या यांची नावेच नावाड्याचा आणि दोर वळणाऱ्याचा व्यवसाय सांगतात. त्यांच्या विचारात ‘कायक’ म्हणजे काम हीच उपासना होती.

ही रूपके प्रभावी ठरली, याचे कारण ती नेमकी होती. सोनाराने बागेसरी म्हटले ते शोभेसाठी नव्हे; ती त्याच्या रोजच्या हाताखालची वस्तू होती आणि ऐकणाऱ्यालाही तिचा उपयोग ठाऊक होता. तथापि रूपकाचा स्वभावच असा, की ते वस्तूवर पाय ठेवून वस्तूच्या पलीकडे जाते. अभंग संपतो तेव्हा श्रोत्याच्या मनात आत्मा उरतो, बागेसरी विझते. कारागिराच्या शब्दांना येथे प्रतिष्ठा मिळाली खरी, परंतु ती उसन्या अर्थाची प्रतिष्ठा होती.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रकार याहून वेगळा आहे. तेथे दळणाचे वर्णन कमी आणि दळणाची लय अधिक. खुंट्याला धरलेला हात, मुठीने घातली जाणारी वैरण आणि पाळीचा फेरा यांनी ओवीच्या चरणाची लांबी ठरवली. पहाटे दळणारी स्त्री आपल्या कामाविषयी न बोलता भावाविषयी, माहेराविषयी बोलते. पण ते बोलणे कामानेच घडवलेले असते. काम हा येथे विषय नसून छंद आहे, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने हा संबंध रूपकापेक्षाही निकटचा म्हणावा लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांची आणि अलुतेदारांची कामे, त्यांचे हक्क आणि वाटे यांची तपशीलवार मांडणी केली. व्यवसायांच्या शब्दसंपत्तीचे असे भांडार मराठीत दुसरे क्वचितच असेल. परंतु हे पाहणाऱ्याचे लेखन आहे, करणाऱ्याचे नव्हे. सुताराने कोणते काम करावयाचे आणि त्याबद्दल त्याला किती धान्य मिळावयाचे, हे त्यात कळते. वाकस लाकडावर केव्हा हलका पडला पाहिजे, हे कळत नाही. व्यवस्थेच्या वर्णनात कसबाला हिशेबाची जागा असते, अनुभवाची नसते.

जे बलुतेदार होते त्यांनी स्वतः लिहावयास घेतले तेव्हा चित्र पालटले. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या दोन्ही आत्मकथनांच्या नावांतच गावकामाचा उल्लेख आहे, आणि तो अभिमानाने केलेला नाही. मेलेले जनावर ओढणे, सांगावा घेऊन गावोगाव धावणे, ही कामे ज्याच्यावर लादली गेली त्याने त्यांतील कौशल्याचे रसाळ वर्णन करावे, अशी अपेक्षा करणे हे समीक्षकाच्या असंवेदनशीलतेचे लक्षण होईल. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली महाड येथे भरलेल्या परिषदेनंतर अशी कामे टाकून देणे हाच स्वाभिमानाचा मार्ग ठरला होता. म्हणून या आत्मकथनांत कामाच्या कृतीबद्दल जे मौन आढळते, त्याला उणीव न म्हणता नकार म्हटले पाहिजे.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. काम लादलेले होते, एवढ्याने त्यातील ज्ञान नाहीसे होते काय? कातडे फाटू न देता सोडवणाऱ्या हाताला जे कळते, ते कळणे कोणी त्याला बक्षीस दिलेले नव्हते. ते त्याने स्वतः कमावले होते. हे ज्ञान गौरवावे तर जातिव्यवस्थेचे समर्थन होण्याची भीती, आणि ते झाकावे तर कारागिराला केवळ दयेचा विषय करण्याची भीती, अशा पेचात हे लेखन सापडते. या पेचाची जाणीव नसलेली समीक्षा एकतर ग्रामोद्योगाच्या गोडव्यांत रमते, नाहीतर दुःखाच्या मोजमापात थांबते.

या पेचातून वाट काढणारी काही पुस्तके मराठीत आहेत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) टोपल्या विणणाऱ्या कैकाडी कुटुंबाची भटकंती येते. फोक मिळवणे, ते सोलणे, विणणे आणि विकणे या साखळीवर त्या कुटुंबाचे पोट अवलंबून असते. म्हणून तेथे विणण्याचा उल्लेख अलंकार म्हणून येत नाही. टोपली झाली नाही तर चूल पेटणार नाही, एवढा त्याचा सरळ संबंध आहे. कसब आणि अवहेलना एकाच वाक्यात नांदू शकतात, हे या पुस्तकाने दाखवले. राम नगरकरांच्या ‘रामनगरी’त (१९७५) न्हाव्याची धोकटी विनोदाच्या अंगाने येते. जन्माने हाती आलेल्या वस्तऱ्याकडे तिरकस नजरेने पाहणारा निवेदक स्वतःला हसतो, आणि त्याबरोबर ज्यांनी त्याला हिणवले त्यांनाही हसतो.

आनंद यादव यांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी आहे. तिचा विचार येथे यासाठी, की तिचे निवेदन नारबा या शेतगड्याच्या तोंडी आहे. त्याची भाषा कागल परिसरातील बोलीची. जनावरांची निगा, पिकांचे दिवस, रानाचा स्वभाव हे सारे तो सांगतो, पण वाचकाला शिकवण्यासाठी नव्हे. त्याला दुसरे काही सांगताच येत नाही म्हणून. मालकाच्या शेतावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरे जाऊ लागतात, तेव्हा त्याचा आधार तर तुटतोच, शिवाय त्याचे क्रियापदही त्याच्या हातून काढून घेतले जाते. जे करावयाचे तेच उरले नाही, तर जे करता येते त्याला अर्थ कोणता? यंत्राविषयी मराठीत झालेल्या पुष्कळ चर्चांपेक्षा हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

कारखान्यातील कामगाराची अडचण निराळी. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी गिरणगावाला मराठी कवितेत स्थान दिले. परंतु साच्यावर उभा असलेला कामगार संपूर्ण वस्त्राचा कर्ता नसतो. कबीराप्रमाणे आरंभापासून शेवटपर्यंत वस्त्र त्याच्या हातून जात नाही. त्याचा दिवस भोंग्याने तोडलेला असतो. त्यामुळे कसबाऐवजी वेळ, पगार आणि संघटना हीच त्याच्या बोलण्याची द्रव्ये होतात. भाषेतील हा बदल उत्पादनाच्या बदलातून आलेला आहे, कवीच्या लहरीतून नव्हे.

या लेखनाचे भाषांतर करताना त्याचे मर्म अधिक स्पष्ट होते. मोटेचे वर्णन इंग्रजीत न्यावयाचे, तर धाव, नाडा, सोंदूर, थारोळे या प्रत्येक शब्दाला टीप द्यावी लागते, आणि टिपांच्या भाराखाली बैलांची चाल हरवते. पण कन्नडमध्ये ‘कपिले’ आहे, तमिळमध्ये ‘कवलै’ आहे, गुजरातीत ‘कोस’ आहे, हिंदीत ‘चरस’ आहे. भारतीय भाषा विचारांच्या परिभाषेत जितक्या दूर वाटतात, तितक्या विहिरीच्या काठावर दूर नाहीत. आपसांतील भाषांतर इंग्रजीच्या मार्गाने झाले, म्हणजे हाताशी असलेला शब्द टाकून वळसा घेतला जातो. विहिरींवर आज पंप आले. मोट दिसेनाशी झाली. तिचे शब्द आता कोशात आणि अशा लेखनातच उरले आहेत. कोश त्यांचा अर्थ सांगेल. ते कोणत्या क्रमाने हातात येत, हे लेखनच सांगू शकेल.

तेव्हा कामाचे आत्मकथन वाचताना समीक्षेने लेखकाच्या सहानुभूतीपेक्षा त्याची क्रियापदे तपासावीत. केवळ ‘राबला’ या शब्दावर जे लेखन थांबते, ते कामकऱ्याला दुरून पाहते, मग लेखक त्याच घरात जन्मलेला का असेना. सोलले, वळले, ताणले, ठोकले, थांबून पाहिले आणि पुन्हा ठोकले, असे जे लेखन सांगू शकते, ते त्या माणसाची विचारशक्ती दाखवते. आणि ज्याने असे सांगण्याचे जाणूनबुजून नाकारले, त्याच्या नकाराचे कारणही त्या न लिहिलेल्या क्रियापदांतच शोधले पाहिजे.