बुटांचे मुखवटे

ब्रायन जंगनचे मुखवटे फोनवर पहिल्यांदा पाहिले की कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींचे जुने मुखवटे वाटतात. लाल, काळा, पांढरा, वासलेला जबडा, काहींना माणसाचे लांब केस. मग झूम केलं की शिवण दिसते, टाच दिसते. हे नायकीचे एअर जॉर्डन आहेत, उसवून पुन्हा जोडलेले. १९९८ ते २००५ या काळात त्याने असे २३ मुखवटे केले. २३ म्हणजे मायकेल जॉर्डनच्या जर्सीचा नंबर.

गंमत एवढीच असती तर ती मीमइतकीच टिकली असती. पण तसले मुखवटे पॉटलॅचमध्ये नाचवले जात. तिथे यजमान आपली संपत्ती वाटून टाकायचा; जेवढं वाटेल तेवढा मान. कॅनडाच्या सरकारने १८८५ ते १९५१ त्यावर बंदी ठेवली, आणि जप्त केलेले कितीतरी मुखवटे म्युझियमच्या काचेआड गेले. जंगनही आपले मुखवटे काचेतच मांडतो. आणि महागडे जॉर्डन घेऊन ते एकदाही न घालता खोक्यात जपणारा एखादा मित्र तुमचाही असेलच!

एक गोष्ट मात्र खटकते. जंगन आईकडून डेन-झा, म्हणजे डोंगरांपलीकडचा. मुखवट्यांची परंपरा किनाऱ्यावरच्यांची. म्हणजे त्यानेही उसनंच घेतलं. मालिकेचं नाव ‘प्रोटोटाइप्स फॉर न्यू अंडरस्टँडिंग’. ते थट्टेने दिलंय असं धरलं तरी हा प्रश्न मिटत नाही, आणि म्हणूनच मी हे फोटो पुन्हा पुन्हा उघडतो.